बोलायला उरलं कोण?

११ जानेवारी १९४३ रोजी पोलंडमधल्या लुब्लिन शहरातून हेरमान ह्योफ्ले नावाच्या एस.एस. अधिकाऱ्याने बर्लिनला, आडोल्फ आइकमानच्या नावे, एक बिनतारी संदेश पाठवला. तसाच एक क्राकुफलाही गेला. मजकूर म्हणजे चार अक्षरं आणि प्रत्येकापुढे १९४२ अखेरपर्यंतची ‘आवक’. एल – २४,७३३. बी – ४,३४,५०८. एस – १,०१,३७०. टी – ७१,३५५. एकूण १२,७४,१६६. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याचं काम चाले. तिथल्या मंडळींनी हा संदेश पकडला, उकललाही. पण त्या चार अक्षरांचा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नाही. कागद फायलीत गेला आणि २००० साली अभ्यासकांच्या हाती लागेपर्यंत तिथेच राहिला.

अक्षरं होती लुब्लिन म्हणजे मायदानेक, बेल्झेत्स, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका या छावण्यांची. बेरीज मात्र जुळत नव्हती. शेवटी उलगडा झाला, की ‘टी’पुढचा एक ५ गळला आहे. ७,१३,५५५ धरले की हिशेब चोख लागतो. शिवाय १२,७४,१६६ हा आकडा अभ्यासकांना नवा नव्हताच. रिशार्ड कोरहेर या संख्याशास्त्रज्ञाने १९४३ च्या वसंतात एस.एस.चा प्रमुख हिमलर याच्यासाठी जो अहवाल तयार केला, त्यात तो होता. कोरहेरने आपल्या मसुद्यात ज्यूंना दिलेली ‘विशेष वागणूक’ असे शब्द घातले होते. १० एप्रिलला हिमलरच्या कचेरीतून सूचना आली : हे शब्द काढा, आणि एवढे ज्यू ‘छावण्यांमधून पुढे पाठवले’ असं लिहा. खरं म्हणजे ‘विशेष वागणूक’ हाच ठार मारण्यासाठी योजलेला आडपडद्याचा शब्द होता. वर्ष-दीड वर्षांत तो पडदाही विरला, म्हणून त्याच्यावर दुसरा घालायचा!

यातल्या ‘बी’पाशी थोडं थांबू. बेल्झेत्सची छावणी मार्च १९४२ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत तिथली हत्या थांबलीही. पुढच्या काही महिन्यांत प्रेतं उकरून जाळली गेली, इमारती पाडल्या गेल्या, जमिनीवर झाडं लावण्यात आली. चार लाख चौतीस हजारांवर माणसं या एका ठिकाणी संपली आणि युद्धानंतर तिथलं आतलं वर्णन सांगायला उरले दोघे.

एक रूडोल्फ रेडर. ल्वुफमधला साबणाचा कारखानदार, वय साठीच्या पुढे. गाडीतून उतरल्यावर कारागीर कोण आहेत अशी विचारणा झाली, तेव्हा यंत्रांचं काम येतं म्हणून त्याने स्वतःला पुढे केलं. त्यामुळे तो तात्पुरता वाचला. नोव्हेंबर १९४२ मध्ये पत्रे आणण्यासाठी त्याला पहाऱ्यात ल्वुफला नेलं होतं. पहारेकऱ्याचा डोळा लागला आणि रेडर निसटला. त्याची जबानी १९४६ साली क्राकुफच्या ज्यू ऐतिहासिक आयोगाने छोट्या पुस्तकाच्या रूपात छापली. दुसरा खाइम हिर्शमान. १९ मार्च १९४६ रोजी तो लुब्लिनच्या आयोगापुढे बोलायला बसला. दिवस संपला, जबानी अर्धी राहिली, उरलेली उद्या असं ठरलं. त्याच संध्याकाळी त्याचा खून झाला. नवऱ्याने आपल्याला काय सांगितलं होतं ते मग त्याच्या बायकोने आयोगाला सांगितलं. मारणाऱ्यांकडे एककापर्यंतचा नेमका आकडा होता. मेलेल्यांच्या बाजूने दीड जबानी.

आउश्वित्झ हे नाव आज मराठी शाळकरी मुलालाही ठाऊक असतं, बेल्झेत्स बहुतेकांच्या कानावरून गेलेलंही नसतं, त्याचं कारण इथे आहे. आउश्वित्झमध्ये अकरा लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. पण ती मजुरीचीही छावणी होती, गुलाम म्हणून राबवायला काही माणसं जिवंत ठेवली जात. त्यातून जे हजारो बाहेर पडले, त्यांनी लिहिलं, ते बोलले. बेल्झेत्सला राहायचं नव्हतंच कुणी. आगगाडी आली की काही तासांत सगळं आटोपत असे. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ वाचून जी पिढी या विषयाशी परिचित झाली तिच्या ओठांवर ‘छळछावणी’ हा शब्द बसला, आणि डाखाउसाठी तो अचूक आहे. २२ मार्च १९३३ ला सुरू झालेली ती छावणी छळाचीच होती. पण ट्रेब्लिंका, बेल्झेत्स, सोबिबोर, खेल्म्नो यांना मृत्युछावण्याच म्हणायला हवं. छळायला वेळ लागतो. तिथे तेवढा वेळही कुणाला दिला गेला नाही.

मारणाऱ्यांची भाषा कशी होती, याचा सर्वांत चिवट अभ्यास व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी केला. ते ड्रेस्डेनला फ्रेंच आणि इटालियन साहित्य शिकवणारे प्राध्यापक. ज्यू घराण्यात जन्मले म्हणून १९३५ मध्ये नोकरी गेली, पुढे ग्रंथालयाचं दार बंद झालं, घर सुटलं, कारखान्यात मजुरी नशिबी आली. पत्नी एफा ज्यू नव्हती आणि तिने त्यांना सोडलं नाही, एवढ्यावर ते छावणीत जाण्यापासून वाचत राहिले. पुस्तकं काढून घेतली तरी भाषा आजूबाजूला होतीच! वर्तमानपत्रं, रेडिओवरची भाषणं, जन्ममृत्यूच्या जाहिराती, शेजाऱ्यांची बोली, गेस्टापोच्या शिव्या. क्लेम्पेरर रोज टिपत गेले. वहीत या विषयाला त्यांनी ‘एलटीआय’ असं लॅटिन संक्षेपाचं नाव ठेवलं. झडतीत सापडलं तरी चटकन अर्थ लागू नये म्हणून. लिहिलेली पानं एफा पिर्नाच्या डॉक्टर मैत्रिणीकडे पोचवत असे. पकडली गेली असती तर तिघांचाही जीव गेला असता. १३ फेब्रुवारी १९४५ ला ड्रेस्डेनवर बाँब पडले, त्या गोंधळात कोटावरचा पिवळा तारा काढून टाकून दोघं पळाली.

त्यांचं पुस्तक १९४७ मध्ये आलं. त्यांचं निरीक्षण असं, की भाषा बिघडवण्याचं मोठं काम भाषणांनी केलं नाही. ते रोजच्या वापरातल्या एकेकट्या शब्दांनी केलं, लाखदा कानावर पडून, बोलणाऱ्याच्या नकळत. ‘धर्मवेडा’सारखा एके काळी निंदेचा शब्द नाझींच्या काळात कौतुकाचा झाला. माणसांची मोजणी ‘नग’ म्हणून होऊ लागली. आणि क्लेम्पेरर यांना सर्वांत जास्त टोचलं ते हे, की पीडितही हीच भाषा बोलू लागले होते. टिपणांचं पुस्तक करावं की नाही, अशा विचारात असताना एका खेड्यात त्यांना बर्लिनची एक कामकरी बाई भेटली. नाझींच्या तुरुंगात वर्षभर राहून आलेली. कशासाठी, तर काही शब्द बोलली म्हणून, असं तिने साधेपणाने सांगितलं. तेवढं ऐकून त्यांचा निश्चय झाला.

छावणीच्या आत आणखी वेगळीच बोली होती. तिची व्याकरणं नाहीत, पण शब्दकोश आहे, आणि तो आपल्याला प्रामुख्याने साक्षीदारांच्या तोंडून मिळतो. लुटलेल्या सामानाच्या कोठारांना आउश्वित्झमध्ये ‘कॅनडा’ म्हणत, कारण कैद्यांच्या कल्पनेत तो सुबत्तेचा देश. चोरून-मारून काही मिळवणं म्हणजे ‘ऑर्गनाइझ’ करणं. माउटहाउसेनच्या छावणीत रबरी दांडक्याला ‘दुभाषा’ हे नाव होतं. ते कुठल्याही देशाच्या माणसाला समजायचं. भुकेने खंगून जगण्याची इच्छाच संपलेल्या कैद्याला ‘मुझेलमान’ म्हणत. हा मुस्लिम या अर्थाचा जुना जर्मन शब्द तिथे का चिकटला, याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. राफेन्सब्रुक या बायकांच्या छावणीत अशा कैदी स्त्रीला ‘दागिना’ म्हणायचे. या शब्दांतली क्रूर थट्टा जर्मन पहारेकऱ्यांची नव्हे, बरीचशी कैद्यांची आहे, हे वाचताना ध्यानात ठेवलं पाहिजे.

तुरीनचा तरुण रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेवी फेब्रुवारी १९४४ मध्ये आउश्वित्झला पोचला, तेव्हा त्याच्या हातावर १७४५१७ हा आकडा गोंदवला गेला. आपला आकडा जर्मनमध्ये ऐकू आला की ओळखता यायला हवा, नाहीतर रात्रीची भाकरी मिळणार नाही, हे त्याला पहिल्याच दिवसांत कळलं. पुढे चाळीस वर्षांनी त्याने लिहिलं, की त्याच्याबरोबर आलेले बहुतेक इटालियन पहिल्या दहा-पंधरा दिवसांतच गेले. थंडीने, भुकेने, रोगाने, असं वरवर दिसलं तरी मुळात हुकूम न कळल्याने. जर्मन येत नसे त्याला कामाची जागा, डॉक्टरची वेळ, पायताण कुठे मिळेल हे काहीच समजत नसे. लेवीने आपल्या भाकरीतला तुकडा देऊन एका अल्सेसच्या कैद्याकडून जर्मनची शिकवणी घेतली. भाषा शिकण्यासाठी याहून महाग फी कुणी भरली असेल, असं वाटत नाही. युद्धानंतर रंगांच्या कारखान्याच्या कामासाठी तो जर्मन कंपन्यांत गेला, तेव्हा त्याचं जर्मन ऐकून समोरचे चकित होत. ते बराकीतलं जर्मन होतं.

लेवीच्या दुसऱ्या पुस्तकात, १९६३ च्या, एक मूल येतं. छावणी सुटल्यावर तिथल्या दवाखान्यात सापडलेलं, साधारण तीन वर्षांचं, कमरेखाली लुळं. त्याला नाव नव्हतं, हुर्बिनेक हे इतरांनी ठेवलं. त्याला बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं. पंधरा वर्षांचा एक हंगेरियन मुलगा, हेनेक, त्याच्यापाशी दिवसरात्र बसे. एके दिवशी हेनेकने जाहीर केलं, की हुर्बिनेक एक शब्द बोलला. कोणता? ‘मासक्लो’ किंवा ‘मातिस्क्लो’सारखं काहीतरी. त्या खोलीत युरोपच्या जवळजवळ सगळ्या भाषा बोलणारी माणसं होती. सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. नाव असेल, भाकरी असेल, मांस असेल, तर्क झाले. कुणाला कळलं नाही. मार्च १९४५ च्या आरंभी मूल गेलं. लेवीने लिहिलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं, आणि लेवीला स्वतःला याची जाणीव होती. खरे साक्षीदार बुडाले, आम्ही वाचलेले अपवाद आहोत, असा त्याचा शेवटपर्यंतचा आग्रह होता. यात थोडी भर घालायला हवी. १९८७ साली पोलंडच्या रिन आणि क्वोजिन्स्की या संशोधकांनी, एके काळी ‘मुझेलमान’ झालेल्या पण त्यातून परतलेल्या कैद्यांच्या जबान्या प्रसिद्ध केल्या. लेवी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला.

जे वाचणार नव्हते त्यांतल्याही काहींनी बोलायची सोय करून ठेवली होती. आउश्वित्झच्या भट्ट्यांमध्ये प्रेतं जाळायला ज्यू कैद्यांचीच टोळी जुंपलेली असे आणि ठराविक काळाने ती टोळीही मारली जाई. त्यातला झाल्मन ग्राडोव्स्की यिडिशमध्ये लिहीत होता. सापडणाऱ्याने हे कागद जपावेत, अशी विनंती त्याने एकाहून अधिक भाषांत लिहून ठेवली; कागद कोणत्या सैन्याच्या हाती लागतील हे कुणाला ठाऊक? ७ ऑक्टोबर १९४४ ला या टोळीने बंड केलं, त्यात तो मारला गेला. मार्च १९४५ मध्ये राखेखालून त्याची ॲल्युमिनियमची बाटली निघाली, आत त्याची वही होती.

त्या बंडावरूनच पुढे एक गाजलेला वाद झाला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या चित्रफीत-संग्रहात, जो १९७९ च्या स्थानिक प्रयत्नातून उभा राहिला, एका वृद्धेची साक्ष होती. बंडाच्या दिवशी चार धुराडी स्फोटाने उडालेली आपण पाहिली, असं ती सांगत होती. इतिहासकार म्हणाले, उडालं एकच, त्यामुळे ही साक्ष विश्वासार्ह धरता येत नाही. संग्रहाच्या संस्थापकांपैकी एक, मानसोपचारतज्ज्ञ डोरी लाउब, जे स्वतः बालपणी छावणीतून वाचले होते, त्यांचं मत निराळं पडलं. ती धुराड्यांची संख्या सांगत नाही, आउश्वित्झमध्ये प्रतिकार होऊ शकतो ही अशक्य गोष्ट घडली, हे ती सांगते आहे, असं त्यांचं म्हणणं. लाउब यांच्या या कथनातल्या तपशिलांवरही नंतर अभ्यासकांनी बोट ठेवलं. मला स्वतःला यात कुणाची बाजू घ्यावीशी वाटत नाही. धुराडी किती हे ह्योफ्लेसारख्याच्या कागदांतून, नकाशांतून काढता येतं. आग पाहताना त्या बाईला काय वाटलं ते कुठल्याच कागदात नाही. प्रश्न एकच, की आपण साक्षीला काय विचारायला बसलो आहोत.

यंत्र घेऊन विचारायला बसणारा माणूस लवकर आला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. लाट्वियात जन्मलेले, शिकागोला मानसशास्त्र शिकवणारे डेव्हिड बोडर १९४६ च्या उन्हाळ्यात पोलादी तारेवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन युरोपात आले. टेपरेकॉर्डर घरोघरी यायला अजून वेळ होता. निर्वासितांच्या वसतिगृहांतून त्यांनी शंभराहून अधिक माणसांना नऊ भाषांत बोलतं केलं. बोलणाऱ्यांच्या तोंडात छावणीची धेडगुजरी भाषा ताजी होती. जर्मन, पोलिश, यिडिश एकाच वाक्यात. इंग्रजी करताना बोडर यांनी ती मुद्दाम गुळगुळीत केली नाही, मोडकी राहू दिली. १९४९ च्या त्यांच्या पुस्तकाचं नावच सांगतं, की मेलेल्यांची मुलाखत मी घेतलेली नाही. त्या वेळी त्या कामाकडे फार थोड्यांनी पाहिलं. लेवीचं पहिलं पुस्तकही १९४७ मध्ये मोठ्या प्रकाशकाने नाकारलं, एका छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती छापल्या. ते चाललं १९५८ च्या आवृत्तीनंतर. एली विझेल यांची आठवण आधी १९५६ मध्ये ब्युनोस आयर्सला यिडिशमध्ये आली, घरच्या माणसांशी बोलावं तशी, जगाच्या गप्प बसण्यावर संतापून. दोन वर्षांनी फ्रेंचमध्ये आली ती बरीच आखडलेली, शांत. जगाने वाचली ती ही दुसरी.

ह्योफ्लेचा संदेश ज्याच्या नावे होता त्या आइकमानच्या १९६१ च्या खटल्यात शंभरावर साक्षीदार उभे राहिले आणि जग ऐकू लागलं. मग १९८५ मध्ये क्लोद लान्झमान यांचा ‘शोआ’ आला, साडेनऊ तासांचा, एकही जुनं चित्रण न वापरता. त्यात पोलिश, हिब्रू, यिडिश बोलणाऱ्यांच्या शेजारी दुभाषी दिसतात, अडखळतात, कधी चुकतात, आणि ते सगळं चित्रपटात ठेवलेलं आहे. १९९४ पासून स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या पुढाकाराने पन्नास हजारांहून अधिक साक्षी चित्रित झाल्या. आता कमतरता साक्षींची राहिलेली नाही. निदान ज्यू बळींच्या बाबतीत तरी.

रोमा आणि सिंती लोकांच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. युरोप ज्यांना जिप्सी म्हणत आला, तेच हे लोक. त्यांची भाषा भारतातून साधारण हजार वर्षांपूर्वी निघालेली. पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कन’, माणसाला ‘मनुश’ म्हणणारी. मराठी माणसाला कोश न उघडता उमजावेत असे शब्द. आउश्वित्झमध्ये त्यांचा वेगळा विभाग होता. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री त्यातली उरलेली चार हजारांवर माणसं, मुलाबाळांसह, वायुकोठडीत मारली गेली. या संहाराला त्यांच्या भाषेत ‘पोराय्मोस’ हे नाव सुचवलं गेलं, पण काही बोलींत तो शब्द असभ्य ठरतो म्हणून अनेक जण ‘सामुदारिपेन’ पसंत करतात. नावाबद्दलच अजून एकमत नाही.

१९४७ च्या न्यूरेंबर्गच्या डॉक्टर-खटल्यात कार्ल होलेनरायनर हा सिंती साक्षीदार आला. डाखाउमध्ये त्याला समुद्राचं पाणी पाजून प्रयोग केले होते. आरोपींतून त्या डॉक्टरला ओळखून दाखव, असं सांगताच तो पिंजऱ्याकडे धावला आणि त्याने त्या डॉक्टरवर, बाइगल्ब्योकवर, हात उगारला. न्यायासनाने त्याला बेअदबीबद्दल ९० दिवसांची कैद सुनावली. बाइगल्ब्योकला १५ वर्षं झाली, ती पुढे कमी होऊन १९५१ मध्ये तो मोकळाही झाला. १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने तर निकाल दिला, की १९४३ च्या आधी या लोकांवर झालेली कारवाई वंशद्वेषातून नव्हती, त्यांच्या गुन्हेगारी प्रवृत्तीमुळे होती. युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती, पण निकालपत्रातली भाषा नाझी पोलिसांचीच होती. तो निकाल १९६३ मध्ये बदलला. हा वंशसंहार होता, असं जर्मन सरकारच्या वतीने चान्सेलर हेल्मुट श्मिट यांनी मान्य केलं १९८२ मध्ये.

चाया स्टोयका या ऑस्ट्रियन रोमा बाई आउश्वित्झ, राफेन्सब्रुक आणि बेर्गेन-बेल्झेन अशा तीन छावण्या पाहून बाराव्या वर्षाच्या आत सुटल्या. शाळा जवळजवळ झालीच नव्हती. उच्चार होतो तसं लिहीत त्यांनी स्वयंपाकघरात बसून आपल्या आठवणी उतरवल्या आणि १९८८ साली त्यांचं पुस्तक आलं. लेवी आपल्याकडे पोचला, ॲन फ्रँक तर कधीच पोचली. मराठीतल्या एखाद्या चांगल्या अनुवादकाने आता चाया स्टोयकांकडे वळावं, आणि शक्य असेल तर इंग्रजीच्या वाटेने न जाता सरळ जर्मनवरून.